हिरवं तोंड

सुलतानपूर, ता. लोणार
२ जुलै २०२४

ताने,

जय भीम. पत्र पाहून तुले वाटलं असन, म्हाताऱ्याच्या मोबाईलचा रिचार्ज संपला. तसं नाही. फोनवर तू तिकडून बोलते अन् मी इकडून नुसता "हाव, हाव" करतो, हे तुलेही माहीत आहे अन् मलेही. मागच्या खेपेले तू म्हणे विचारलं, "भाऊ, तब्येत कशी आहे?" अन् म्या पेन्शनचं समजून सांगितलं, "भेटलं, कालच भेटलं." पायल हसून हसून खाली बसली. आजोबाची फजिती म्हणजे नातीले सणच. डेपोत पस्तीस वर्षं इंजिनाजवळ काढली, ते कान सरकारजमा झाले. कानातलं मशीन घातलं तं ते शिट्टी मारते, म्हणून डब्यात ठेवलं. पत्र बरं.

आता खबर वाच. जालन्याच्या ज्या दवाखान्यात माही साखर पाहतात, त्यायनं वेबसाईट काढली. आपण मोबाईलवर लिहायचं अन् तिकून उत्तर येते. तुले हसू येईन, पण मले लय मोठी गोष्ट वाटली. चार वर्षं झाली, तिथं डॉक्टरीणबाई विचारते, संघपाल उत्तर देते, अन् मी मधात बसून भिंतीवरचं कॅलेंडर पाहतो. आजार माह्या अंगातला, अन् मले समजते सगळ्यायच्या शेवटी, तेही परतीच्या गाडीत, संघपालनं कागदावर चार शब्द लिहून दाखवल्यावर. त्याचाही दोष नाही. बहिऱ्या बापाले समजावता समजावता त्याचा घसा बसते.

आता रोज सकाळी सुई टोचून साखरेचा आकडा मीच भरतो. मंग ते विचारते, काय खाल्लं, किती चाललो, तळव्याले जाणीव आहे का. आहे, कमी, नाही, यातल्या एकावर बोट ठेवायचं. मनातलं काही असलं तं खाली चौकोनात लिहायचं. मंजुश्री नावाची नर्स आहे, ती उत्तर देते. आकडा चांगला असला का हिरवं तोंड येते हसणारं, अन् मंजुश्री लिहिते, "शाब्बास काका." वाईट असला का लाल तोंड येते, ओठ पाडलेलं. मले पहिल्याच दिवशी आलतं. तिनं लिहिलं, "काका, काय झालं हो?" पोट्टीनं मले पाहिलंही नाही अन् तिले माही काळजी. मले काही ते बरं वाटलं नाही. तवापासून रोज हिरवं.

घरातलं एक माणूस त्याच्यात "सोबती" म्हणून जोडता येते. त्याले माह्यं सगळं दिसते. संघपाल म्हणे, मले जोडा. म्या म्हटलं, तुले जोडलं तं पुन्हा तूच बोलशील. तुह्यं नाव टाकलं आहे. पायल लिंक पाठवते, उघडून पाह्यजो.

बाकी मजेत. परवा गंमत झाली. चपलेत खिळा वर आलता, अन् मी दोन दिवस तसाच फिरलो. पायल म्हणे, "आजोबा, फरशीवर रक्त काऊन?" तवा पाहिलं. पुंजाजी मेकॅनिकचं कातडं टायरचं आहे.

तुह्या लोणच्याच्या बरणीची वाट पाहून राह्यलो.

तुहा भाऊ
पुंजाजी


देऊळघाट
११ जुलै २०२४

भाऊ,

तुले जय भीम. गजेंद्र पोस्टमन पत्र घेऊन आला तं म्हणे, "तानाबाई, बऱ्याच दिवसांनी हातानं लिहिलेलं पत्र आणलं, चहा पाजा." पाजला. मग ओसरीवर बसून दोनदा वाचलं. "भेटलं, कालच भेटलं" वाचून मीही हसले. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर हसले नव्हते. तू लांब गेल्यासारखा वाटला होता.

लिंक उघडली. मले काय कठीण. अंगणवाडीत शेवटी शेवटी सगळं मोबाईलवरच भरायचो आम्ही. सोबती म्हणून माझं नाव दिसलं, त्याच्यापुढे "नातं: बहीण" असं लिहिलेलं. साठीसत्तरीत कोणी तरी मले नव्यानं बहीण म्हणून नोंदवलं, लय बरं वाटलं. आता रोज सकाळचा चहा झाला की तुझं हिरवं तोंड पाहते. पेपरपेक्षा बरं.

पण ते खिळ्याचं मले गमतीचं वाटलं नाही. दोन दिवस रुतलेला खिळा माणसाले कळत नाही, असं कसं? साखरेच्या माणसाचा पाय मुका होते, हे मले ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. अन् इकडे तू रोज "जाणीव: आहे" वर बोट ठेवून राह्यला. जखम भरली का? कोणत्या बोटाले आहे? सरळ लिही.

लोणचं मुरायचं आहे. तेवढा धीर धर.

तुझी
ताना


सुलतानपूर
१९ जुलै २०२४

ताने,

तू रिटायर झाली, पण तुह्यातली अंगणवाडीवाली बाई काही रिटायर झाली नाही. डाव्या पायाची करंगळी आहे. हळद लावतो. माशी बसू नये म्हणून चिंधी बांधली. भरून येईन.

काल भगवानरावच्या नातवाचा वाढदिवस झाला. भगवानराव म्हणजे आपला कंडक्टर. त्याचा कंडक्टरकीचा ताव अजून गेला नाही, पंगतीत "पुढं सरका, पुढं सरका" करत फिरते. मले म्हणे, "पुंजाजी, तुह्यं तिकीट फाडलं, आता बसावंच लागते." तीन पुरणपोळ्या खाल्ल्या, वर तुपाची धार. जुन्या माणसाचं मन मोडवत नाही.

वेबसाईट झकास चालू आहे. आता मंजुश्रीनं मले गटातही घेतलं. तिथं साखरेचे सगळे पेशंट एकमेकायशी लिहितात. एक मास्तर आहे, वडनेर भोलजीचा, शेषराव नावाचा. त्यानं विचारलं, "पुंजाजीभाऊ, तुमचा आकडा एवढा चांगला कसा राहते? आमाले सांगा." म्या लिहिलं, सकाळी चाला अन् कमी बोला. बावीस जणायनं वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं. आयुष्यात माह्या बोलण्याले एवढे लोक कधी हो म्हटले नव्हते.

तुहा
पुंजाजी


देऊळघाट
३० जुलै २०२४

भाऊ,

हे पत्र मी तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहून राह्यली.

तू अठराले तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. एकोणीसच्या सकाळी तू आकडा भरला, १२८. मी पाहिला. तेवढ्यावर मी काही बोलले नसते. पण मग मी मागचे सगळे आकडे कागदावर उतरवले. १२८, १३०, १२७, १२९, १३०. महिनाभर हेच. भाऊ, मी तीस वर्षं पोरांच्या वजनाचं रजिस्टर भरलं. खरे आकडे असे एका रांगेत उभे राहत नाहीत. खरा आकडा आज वर असते, उद्या खाली, कधी मधातच रुसते. खोटं रजिस्टर मले दुरून ओळखू येते.

तू हे आकडे मनानं भरून राह्यला.

तू डेपोतून काळे हात घेऊन घरी यायचा अन् जेवता जेवता ओरडायचा, आठवते का? "ड्रायव्हर पुस्तकात तक्रार लिहीत नाही. गाडी कुठं ओढते, ब्रेक कसा लागते, काहीच लिहीत नाही. खाली सही ठोकते, गाडी ठीक. लिहिलं नाही तं मले काय स्वप्न पडते?" वहिनी तुले म्हणायची, आधी जेवा. आज तुझी डॉक्टरीण मेकॅनिक आहे अन् ड्रायव्हर तू आहेस. अन् तू रोज लिहून राह्यला, गाडी ठीक.

करंगळीचा फोटो त्यांले पाठव. तिथं फोटो टाकायची सोय आहे, मी पाहिली. आजच पाठव.

ताना


सुलतानपूर
६ ऑगस्ट २०२४

तानाबाई,

पत्र भेटलं. माह्यं रजिस्टर तपासाले तुमाले देऊळघाटची पोरं कमी पडली काय?

म्या आयुष्यात कोणाची खोटी सही केली नाही. मले माह्या गाडीचं समजते. सोबतीतून तुमचं नाव काढलं आहे, पायलनं काढून देलं. लोणचं पाठवू नये.

पुंजाजी


देऊळघाट
२० ऑगस्ट २०२४

भाऊ,

तू मले "तुमाले" म्हटलं. लहानपणी मी तुझी पाटी फोडली तेव्हाही तू मले "तू"च म्हटलं होतं, अन् वरून रपाटा दिला होता. रपाटा बरा होता.

पंधरा दिवस झाले. सकाळचा चहा झाला की मोबाईल हातात घेते अन् तिथं लिहून येते, "आपण या रुग्णाचे सोबती नाही." वाचून ठेवून देते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहते.

आता एक गोष्ट सांगते. ही मी कोणाले सांगितली नाही, माझ्या मालकालेही नाही, ते गेले तोवर नाही.

अंगणवाडीत वाढीचा तक्ता असते. पोराचं वजन हिरव्या पट्ट्यात, पिवळ्या का लाल, ते ठिपका देऊन दाखवायचं. आमच्या गावात विमलबाई म्हणून होती, कोवळी पोर, तिचं पोरगं अविनाश. त्याचं वजन दोन महिने पिवळ्यात होतं. तिची सासू तक्ता पाहायले यायची अन् घरी नेऊन तिले बोलायची, पोरगं पोसता येत नाही म्हणायची. तिसऱ्या महिन्यात काटा आणखी खाली आला, लाल पट्ट्यात. विमलबाईनं माझ्याकडे पाहिलं. नुसती पाहत राह्यली. मी सव्वा किलो वाढवून हिरव्यात ठिपका दिला. तिचं तोंड असं फुललं, भाऊ, मले वाटलं मी पुण्य केलं.

लाल ठिपका दिला असता तं त्याच आठवड्यात त्याले बुलढाण्याले न्यावं लागलं असतं, नियमच तसा होता. हिरव्यामुळे कोणी नेलं नाही. तीन आठवड्यांनी त्याले तापात उचलून न्यावं लागलं. मोठ्या डॉक्टरनं तक्ता हातात घेतला अन् म्हणाला, "हे पोरगं तं चांगलं होतं, मग एकदम असं कसं झालं?" मी तिथंच उभी होते. मले "माझं चुकलं" म्हणता आलं नाही. पोरगं वाचलं. आता ट्रॅक्टर चालवते, रस्त्यात दिसलं की "मॅडम, जय भीम" म्हणून हात करते. पण ते वाचलं ते माझ्या अकलेनं नाही वाचलं.

तू मंजुश्रीले वाईट वाटू नये म्हणून लिहून राह्यला, हे मले माहीत आहे. मीही विमलबाईले वाईट वाटू नये म्हणूनच लिहिलं होतं. आपलं खानदानच मायाळू, काय करावं. पण त्या मायेचा दंड ज्यानं ठिपका दिला त्याले बसत नाही, भाऊ. माझ्या वेळी पोराले बसला. तुझ्या वेळी तुझ्या पायाले बसन.

मले तुझी भीती वाटते. हे सरळ लिहून ठेवते.

तुझीच
ताना


जालना, दवाखान्यातून
९ सप्टेंबर २०२४

ताने,

तुह्यं पत्र सत्तावीसले आलं. म्या ते वाचून खिशात ठेवलं अन् विहारात जाऊन बसलो. दुपारची वेळ, कोणी नव्हतं. पुन्हा काढून वाचलं. मंग घरी आलो अन् पायलले म्हटलं, मोबाईल आण.

तुह्यं बरोबर होतं. आकडे मनचेच होते. खरे आकडे म्या खिशातल्या डायरीत लिहून ठेवले होते, रोजचे. मेकॅनिकच्या हातून खरा आकडा फेकवत नाही, नुसता दाखवत नव्हतो. २६०, २८५, भगवानरावच्या पुरणपोळीच्या दुसऱ्या दिवशी ३०७.

पण साखरेचं मले एवढं नव्हतं वाटत. खरी गोष्ट तळव्याची आहे. कान गेल्यावर नोकरीची शेवटची सहा वर्षं म्या पायानं इंजिन ऐकलं, हे कोणालेच माहीत नाही. चप्पल काढून बसच्या फळीवर पाय ठेवायचो. पिस्टन, बेअरिंग, गिअर, सगळं तळव्याले समजायचं. साहेब म्हणायचा, पुंजाजीचा कान अजून शाबूत आहे. यंदा चौदा एप्रिलले जयंतीले मी तुह्याकडे आलतो ना, तवा चिखली सोडल्यावर नेहमीसारखा पाय फळीवर ठेवला. बाहेर झाडं मागं पळत होती, पण पायाखाली काही नाही. मले वाटलं इंजिन बंद पडलं अन् गाडी तशीच उतारानं चालली. ड्रायव्हरले सांगाले उठलोही. तवा समजलं का गाडीले काही झालं नाही, मले झालं आहे. लय भेवलो, ताने. तुह्या घरी दोन दिवस राह्यलो, जेवलो, हसलो, अन् सांगितलं नाही. "जाणीव: नाही" वर बोट ठेवलं असतं तं ते कायमचं खरं झालं असतं, असं वाटे.

सत्तावीसले, तुह्यं पत्र वाचून, ठेवलं. नाही. आकडा भरला, ३१२. डायरीतले मागचे सगळे आकडेही एका बोटानं टिपत टाकले, दोन तास लागले. करंगळीचा फोटो टाकला. ती काळी पडली होती, हे तुले सांगितलं नव्हतं. चौकोनात लिहिलं, "गाडी डाव्या अंगाले बिघडली आहे. ड्रायव्हरनं अडीच महिने खोटं लिहिलं. माफी असावी."

लाल तोंड आलं. मी मंजुश्रीच्या रागाची वाट पाहत बसलो. तिनं लिहिलं, "काका, खरं सांगितलं, फार बरं केलं. मोबाईल हातात ठेवा." दहा मिनिटात डॉक्टरीणबाईनं, सुचिताबाईनं, स्वतः लिहिलं, "गाडी आजच डेपोत आणा." बाईले माही भाषा समजली.

इथं आलो तं संघपाल नेहमीसारखा बोलाले लागला. बाईनं त्याले हातानं थांबवलं, खुर्ची माह्या समोर ओढली, अन् मोबाईलवर लिहून मले दाखवलं, "बोट काढावं लागेल. पाय वाचवता येईल असं वाटतं. आणखी थांबलो तर पाय जाईल. तुमचं म्हणणं काय?" ताने, चार वर्षात पहिल्यांदा कोणी मले विचारलं. म्या लिहिलं, "एका बोटात भागत असलं तं काढा." संघपाल तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभा राह्यला. त्याले जवळ बोलावलं.

तीसले, शुक्रवारी, करंगळी काढली. जखम स्वच्छ आहे म्हणतात. पाय राह्यला.

सोबतीत तुह्यं नाव पुन्हा टाकलं आहे. त्या पत्रातलं "तुमाले" वापस घेतो.

तुहा भाऊ
पुंजाजी


देऊळघाट
१६ सप्टेंबर २०२४

भाऊ,

पत्र यायच्या आधीच सगळं पाहून बसले होते. सत्तावीसच्या सांजच्याले मोबाईल वाजला, "आपण पुंजाजी यांचे सोबती आहात." उघडलं तं वरपासून खालपर्यंत लाल तोंडं. मी ओसरीवर बसून रडले. शेजारीण धावत आली, काय झालं विचारू लागली, तिले म्हटलं माझा भाऊ खरं बोलला. ती मले पाणी देऊन निघून गेली. लाल तोंड पाहून एवढा आनंद दवाखान्यात तरी कोणाले झाला नसन.

काल १९०, आज २१०, परवा १७४. हे आकडे मले आवडले. रांगेत उभे नाहीत.

गटात तू शेषराव मास्तरले लिहिलेलंही वाचलं, का आधीची शाब्बासकी खोटी होती, कोणी माह्यावर जाऊ नये म्हणून. त्यानं काय उत्तर दिलं, तेही वाचलं. "पुंजाजीभाऊ, माझेही अर्धे मनचेच होते." पुढे आणखी सहा जणांनी तसंच लिहिलं. आता मंजुश्रीची काय हालत झाली असन ते पाहा.

मीही काल एक काम केलं. विमलबाईच्या घरी गेले. अविनाशच्या तक्त्याचं तिले सगळं सांगितलं. तिनं मले बसायले पाट दिला. मग म्हणाली, "बाई, मले तेव्हाच माहीत होतं. काटा मीही पाहिला होता." एवढी वर्षं आम्ही दोघी एकाच गल्लीत राह्यलो.

लोणचं मुरलं. पण मी पाठवत नाही. आश्विन पौर्णिमेले विहारातला वर्षावास संपते, तवा येऊन घेऊन जा. डॉक्टरीणबाईले विचारून ये. चौकोनात लिहून विचार.

ताना


सुलतानपूर
८ ऑक्टोबर २०२४

ताने,

विचारलं. म्हणतात, मोठा बूट घालून जा, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, अन् रोज संध्याकाळी पाय कोणाले तरी दाखवायचा. म्या लिहिलं, तिकडे तपासणारी लय कडक आहे.

जाणीव परत येणार नाही, तेही विचारून घेतलं. रोज सकाळी पायल मले डोळे मिटाले लावते अन् कापूस तळव्यावरून फिरवते. मी वाट पाहतो, मंग डोळे उघडून "नाही" वर बोट ठेवतो. पहिले आठ दिवस लय वाईट वाटे. आता चहा पिऊन ठेवतो.

परवा पट्टी बदलाले जालन्याले गेलो. बसमध्ये पाय बुटात होता, म्हणून सहज तळहात समोरच्या सीटच्या लोखंडाले लावला. आलं, ताने. जरासंच आलं, पण आलं. मागच्या चाकाचं बेअरिंग खराब होतं. उतरताना ड्रायव्हरले सांगितलं, पुस्तकात लिहिजो, लाजू नको. तो काय म्हणाला मले ऐकू आलं नाही, पण त्यानं खिशातून पेन काढला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येतो, सकाळच्या गाडीनं. स्टँडवर येऊ नको, पाय दुखतात तुहे. ओसरीवरच राह्यजो. मी आल्यावर आधी बूट काढून पाय तुह्या पुढं करीन. डाव्या पायाले चार बोटं आहेत. मोजून घेजो.

तुहा भाऊ
पुंजाजी